शिफ्टची कळ दाबून धरा

कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात शिफ्ट नावाची एक कळ असते. तिचं काम काय असं कुणी विचारलं, तर आपण सांगू, कॅपिटल अक्षरं काढणं. पण २००३ च्या ऑक्टोबर महिन्यात या कळीने एका कंपनीची झोप उडवली होती. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या ॲलेक्स हॉल्डरमन नावाच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की बाजारात आलेल्या एका नव्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची कॉपी होऊ नये म्हणून जे तंत्र बसवलंय, ते चुकवायला सीडी आत सरकवताना शिफ्ट दाबून धरणं पुरेसं आहे. बस्स! ना हॅकिंग, ना सॉफ्टवेअर. एक बोट.

झालं होतं असं. अँथनी हॅमिल्टन या गायकाचा अल्बम ‘मीडियामॅक्स’ नावाचं कुलूप लावून विक्रीला आला. कुलूप बनवणारी कंपनी सनकॉम. सीडी संगणकात घातली की विंडोजच्या ‘ऑटोरन’ सोयीमुळे तिच्यावरचा एक छोटा प्रोग्रॅम आपणहून चालू व्हायचा आणि गाणी धड वाचता येऊ नयेत अशी व्यवस्था करून ठेवायचा. शिफ्ट दाबली की ऑटोरन थांबतं, ही विंडोजची जुनीच सोय. म्हणजे चोराला अडवायला दारात रखवालदार ठेवला, पण त्याला झोपेतून उठवायचं काम चोराकडेच! कंपनी भयंकर चिडली. आमच्या शेअर्सची किंमत एक कोटी डॉलरहून जास्त उतरली, आम्ही या मुलावर खटला भरणार, असं तिने जाहीर केलं आणि लगेच माघारही घेतली. (हाच हॉल्डरमन पुढे २०१० मध्ये भारतातल्या मतदान यंत्रांवरच्या एका अभ्यासातही होता. पण तो विषय वेगळा, आणि कॉलेजच्या अंकात नको!)

तर मित्रमैत्रिणींनो, मराठी विभागाच्या मॅडमनी मला ‘काहीतरी तांत्रिक पण रंजक’ लिहायला सांगितलंय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. आमच्या शाळेत मराठीत बोलताना सापडलं तर दंड असायचा, त्यामुळे ‘ऱ्हस्व’ हा शब्द ऱ्हस्व लिहायचा की दीर्घ, इथपासून माझी तयारी. शुद्धलेखनाच्या चुका मॅडम सुधारतील. विषय मात्र मी स्वतः निवडलाय. का निवडला ते पुढे सांगते, आधी थोडा इतिहास.

सीडीला मुळात कुलूप नव्हतंच. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली सीडीचे नियम ठरवले आणि १९८२ मध्ये ती बाजारात आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन चॅनेल. गुणाकार केलात तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. (सिग्नल्सचा पेपर ज्यांचा राहिलाय त्यांनी हे पाठच करून टाकावं.) म्हणजे पाच मिनिटांचं एक गाणं जवळजवळ ५३ एमबी. त्या काळी घरगुती संगणकात एवढी जागाच नसायची, मग कॉपी करून ठेवणार कुठे? आकाराचं हे ओझं हेच कुलूप होतं, वेगळं लावायची गरज कुणाला वाटली नाही.

ते ओझं उतरवलं एमपीथ्रीने. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाला काय ऐकू येत नाही याचा अभ्यास केला आणि ते सरळ गाळून टाकलं. १२८ केबीपीएसला तेच पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीच्या आत. रस्त्यावर ‘एका सीडीत दीडशे गाणी’ म्हणून ज्या तबकड्या विकल्या जायच्या, त्यांचं गणित हेच. सातशे एमबी भागिले पाच. १९९९ मध्ये शॉन फॅनिंग या अमेरिकन विद्यार्थ्याने नॅपस्टर काढलं, तेव्हा तो आपल्याच वयाचा होता. एकाच्या संगणकावरचं गाणं दुसऱ्याला थेट उचलता यायला लागलं. २००१ मध्ये कोर्टाच्या आदेशामुळे ते बंद पडलं, पण तोवर घोडा तबेल्यातून पळालेला होता.

मग सुरू झाली कुलपांची जत्रा. यातली काही कुलपं इतकी मजेशीर आहेत, की व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकाने विचारली तर मी हसत सुटेन. सोनीचं ‘की टू ऑडिओ’ नावाचं एक तंत्र होतं. घरातला सीडी प्लेयर बिचारा साधा, तो तबकडीचा पहिला भाग वाचतो आणि वाजवायला लागतो. संगणक जास्त शहाणा, तो आधी तबकडीच्या कडेला आणखी काही लिहिलंय का ते बघतो. म्हणून कडेला मुद्दाम एक खोटा डेटा ट्रॅक टाकायचा. संगणक तो वाचायला जातो आणि गोंधळतो, प्लेयरला पत्ताच नसतो. कल्पना हुशारीची आहे, मान्य. पण २००२ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की साध्या फेल्ट पेनने तबकडीच्या बाहेरच्या कडेला काळी रेघ मारली, की संगणकाला तो खोटा ट्रॅक दिसतच नाही आणि गाणी मुकाट्याने वाचली जातात! गंमत अशी, की त्याच वर्षी सेलीन डिऑनच्या अल्बमच्या अशा कुलूपबंद तबकड्या ॲपलच्या काही संगणकांत अडकून बसत होत्या, बाहेरच निघत नव्हत्या. पैसे देऊन सीडी घेणाऱ्याचा संगणक अडकला, फुकट्याचं काहीच बिघडलं नाही. सीडीची सहजनक फिलिप्स कंपनी तर म्हणाली, की असल्या तबकड्या नियमात बसत नाहीत, त्यांच्यावर सीडीचं चिन्ह छापू नका.

त्याआधी संगीत कंपन्यांनी आणि यंत्रं बनवणाऱ्यांनी मिळून ‘एसडीएमआय’ नावाची मोहीम काढली होती. गाण्यातच कानाला न कळणारी खूण लपवायची, म्हणजे वॉटरमार्क. २००० मध्ये त्यांनी खुलं आव्हान दिलं, तीन आठवड्यांत आमच्या खुणा पुसून दाखवा, दहा हजार डॉलरपर्यंत बक्षीस. प्रिन्स्टनचे प्रा. एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या गटाने खुणा पुसल्या. पण बक्षीस हवं तर तोंड बंद ठेवायचा करार करावा लागणार होता, तो त्यांनी केला नाही. बक्षिसावर पाणी सोडून पेपर लिहिला. एप्रिल २००१ मध्ये तो एका परिषदेत वाचायचा होता, तर आधी वकिली भाषेतलं धमकीवजा पत्र आलं आणि त्यांना पेपर मागे घ्यावा लागला. अमेरिकेत १९९८ साली एक कायदा झाला होता, डीएमसीए. त्याच्यामुळे गाण्याची चोरी हा गुन्हा होताच, शिवाय कुलूप उघडायची रीत सांगणं हाही गुन्हा ठरू शकत होता. फेल्टन उलट कोर्टात गेले आणि शेवटी ऑगस्टमध्ये दुसऱ्या परिषदेत पेपर वाचला. मला या सगळ्या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त खटकते. ‘आमचं कुलूप तोडून दाखवा’ म्हणायचं आणि तोडल्यावर ‘कसं तोडलं ते बोलू नका’ म्हणायचं! आपल्याकडे सबमिशनला असं चाललं असतं तर काय बहार आली असती.

कळस झाला २००५ मध्ये. ३१ ऑक्टोबरला मार्क रुसिनोविच या विंडोज-तज्ज्ञाने जगाला सांगितलं, की आपल्या संगणकात आपल्याला न कळता एक ‘रूटकिट’ येऊन बसलंय. रूटकिट म्हणजे स्वतःला आणि आपल्या उद्योगांना संगणकाच्या मालकापासून लपवणारा प्रोग्रॅम, साधारण व्हायरसवाल्यांचं हत्यार. शोध घेतल्यावर ते कुठून आलं? व्हॅन झँट या गायक बंधूंच्या, दुकानातून रीतसर पैसे मोजून घेतलेल्या सोनी बीएमजीच्या सीडीमधून! ‘एक्ससीपी’ नावाचं ते कुलूप एका ब्रिटिश कंपनीने बनवलेलं. ज्या फाइलचं नाव डॉलर-सिस-डॉलर या अक्षरांनी सुरू होईल, ती संगणकाला दिसेनाशी करायची, ही त्याची करामत. मग काय, थोड्याच दिवसांत खऱ्या व्हायरसवाल्यांनीही आपल्या फाइल्सना तेच नाव द्यायला सुरुवात केली. आयतं बीळ! सोनीने काढून टाकायचं सॉफ्टवेअर दिलं, तर त्यानेच आणखी एक भोक पाडलं, हे दाखवणारे पुन्हा फेल्टन आणि हॉल्डरमन. कंपनीचा एक बडा अधिकारी रेडिओवर म्हणाला, की बहुतेक लोकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नसतं, मग ते काळजी कशाला करतील? शेवटी ५२ अल्बम परत मागवावे लागले. आणि खरी गंमत पुढेच आहे. लेखकांच्या हक्कांसाठी लिहिलेल्या त्या सॉफ्टवेअरमध्येच ‘लेम’ या मुक्त सॉफ्टवेअरचा कोड त्याच्या अटी न पाळता उचललेला आढळला.

असो. आता मी हे सगळं का वाचत बसले ते सांगते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, मिरजेला गाणं शिकवायची. मोठी गायिका वगैरे नव्हे. घरी पेटी, चार-पाच मुली, संध्याकाळी सात ते आठ. पण ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची, तिच्या आईकडून आणि सासूकडून आलेल्या. १९९८ मध्ये मामाने टू-इन-वनवर त्या कॅसेटमध्ये भरून घेतल्या. २००४ मध्ये सांगलीच्या एका दुकानातून त्या कॅसेटची सीडी करून आणली आणि आपल्या नव्या संगणकात घातली. संगणकातलं गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर (नाव नको) सीडीवरची गाणी स्वतःकडे उतरवून घ्यायचं. उतरवताना ‘सुरक्षित ठेवा’ अशा अर्थाच्या एका चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती. सुरक्षित ठेवा म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? मामाला वाटलं, फाइल्स नीट राहतील.

तर त्या चौकटीचा अर्थ वेगळा होता. अकरा ओव्या-गाणी कुलपात गेली, आणि किल्ली त्या एका संगणकाला बांधली गेली. आजी २००९ मध्ये गेली. मी तेव्हा चार वर्षांची. संगणक पुढच्या वर्षी बिघडला आणि भंगारात गेला. मामाने शहाणपणाने फाइल्स आधीच दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवल्या होत्या. सीडीचं म्हणाल, तर तिच्यावरचा चंदेरी थर सुटून आलाय, आरपार दिसतं. आणि मूळ कॅसेट दोन घरं बदलताना कुठे गेली, कुणालाच माहीत नाही.

मी सेकंड इयरला असताना मामाने ती डिस्क माझ्या हातात दिली. “तू कॉम्प्युटरवाली ना, बघ काय होतं का.” फोल्डर उघडलं. नावं दिसतात. ‘आई दळण एक’, ‘आई दळण दोन’, ‘आई पंढरपूर’. वेळ दिसतो, चार मिनिटं बारा सेकंद. फाइलच्या वरच्या भागाला कुलूप नसतं, फक्त आवाजाला असतं. दोनदा टिचकी मारली की छोटी खिडकी येते, तुमच्याकडे या गाण्याचा परवाना नाही. कुणाच्या परवान्याची गोष्ट चाललीये? या ओव्यांना लेखक नाही, कंपनी नाही. ज्या बायांनी त्या रचल्या त्यांचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलेलं नाही. आजीचा आवाज, मामाचं यंत्र, पीठ आमच्याच घरचं. आणि परवाना नाही!

मी नेटाने मागे लागले. हे कुलूप चालतं कसं ते थोडक्यात असं. गाण्याची फाइल एका किल्लीने गुंतागुंतीची करून टाकतात. ती किल्ली परवान्याच्या छोट्या फाइलमध्ये ठेवतात आणि तो परवाना पुन्हा त्या ठरावीक संगणकाच्या खुणेने बंद करतात. गाणं वाजवायचं तर संगणकाला किल्ली काढावीच लागते, म्हणजे ती तुमच्याच घरात, तुमच्याच कपाटात, फक्त कुठल्या डब्यात ते तुम्हाला सांगायचं नाही. म्हणून तर अशी सगळी कुलपं आज ना उद्या फुटतात. घरातला डबा शोधायला किती वेळ लागणार? आमच्या विंगमध्ये लाडू लपवून बघा.

पण यात एक अट आहे. डबा घरात असायला हवा. आमचा डबा भंगारवाल्याने नेला. परवाना गेल्यावर उरतं ते निव्वळ गणित, आणि गणिताचं कुलूप पक्कं असतं. समजा किल्ली १२८ बिटांची आहे. शक्यता किती? साधारण ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात. सेकंदाला शंभर कोटी किल्ल्या लावून बघणारं यंत्र मिळालं, तरी सगळ्या संपायला १० च्या २२ व्या घाताएवढी वर्षं लागतील. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. त्या काळी अशा फाइल्सची कुलपं काढणारी सॉफ्टवेअर निघाली होती, मी त्यांच्याबद्दल वाचलं, पण तीसुद्धा परवाना हजर असेल तरच चालायची. म्हणजे ज्याला चोरून वाटायचं होतं त्याच्यासाठी कुलूप पोकळ होतं, आणि माझ्यासाठी ते विश्वाच्या वयापेक्षा मजबूत. नंतर कळलं, अशा रडगाण्यात मी एकटी नाही. एमएसएन म्युझिकने गाणी विकून झाल्यावर २००८ मध्ये जाहीर केलं, की ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून मुदत वाढवली. याहूचं गाण्यांचं दुकानही त्याच वर्षी बंद झालं. दुकान बंद झालं की विकलेला माल मुका होतो, असं भांड्यांच्या किंवा पुस्तकांच्या दुकानात कधी ऐकलंय?

या कुलपांच्या गोष्टीत आपल्या देशाचंही एक छोटं पान आहे, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. ॲपलने २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणं विकायला सुरुवात केली, त्यावर ‘फेअरप्ले’ नावाचं कुलूप. २००४ मध्ये विकत घेतलेल्या गाण्याचं कुलूप काढणारा ‘प्लेफेअर’ नावाचा प्रोग्रॅम आला. (नावातली उलटापालट बघा!) अमेरिकेतल्या ठिकाणावरून वकिलांनी तो काढायला लावला, तर तो आला कुठे? भारतात, ‘सरोवर’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या ठिकाणी. तिथेही ॲपलच्या वकिलांची नोटीस पोचली आणि तिथूनही तो गेला. पुढे नाव बदलून ‘हिम’ झाला. खरं तर फेअरप्लेला बगल द्यायला प्रोग्रॅमचीही गरज नव्हती. ॲपल स्वतःच गाण्यांची साधी ऑडिओ सीडी करू द्यायचं. सीडी करा, परत संगणकात उतरवा, कुलूप गायब. थोडा दर्जा जायचा, एवढंच.

आणि मग कुलपं काढली कुणी? ज्यांनी लावली त्यांनीच. ६ फेब्रुवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने एक जाहीर पत्र लिहिलं. त्यातला एक हिशोब मला फार आवडला. २००६ मध्ये ऑनलाइन दुकानांतून कुलूपबंद गाणी विकली गेली २०० कोटींहून कमी, आणि त्याच वर्षी त्याच संगीत कंपन्यांनी सीड्यांवर कुलूप नसलेली गाणी विकली २,००० कोटींहून जास्त. दहापैकी नऊ खिडक्या उघड्या आणि दहावीला नऊ कड्या! अर्थात जॉब्सला हा साक्षात्कार युरोपातली सरकारं मागे लागल्यावर झाला, हेही लक्षात ठेवायला हवं. ईएमआय कंपनी आधी तयार झाली, ॲमेझॉनने तर सुरुवातच बिनकुलपाच्या एमपीथ्रीने केली आणि जानेवारी २००९ मध्ये ॲपलने सगळं दुकान मोकळं करत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ नावाने गाणी विकली तीसुद्धा बिनकुलपाची. ते दुकान दीड वर्षही चाललं नाही, पण ज्यांनी तेव्हा गाणी घेतली त्यांची ती आजही वाजतात.

इथवर मी एका रात्री मेसमधून आल्यावर रूममेटला ऐकवलं. मला वाटलं ती टाळ्या वाजवेल. तिचे बाबा लोकगीतं गातात. बीडकडे त्यांचं कलापथक आहे. वीसेक वर्षांपूर्वी त्यांची एक कॅसेट निघाली होती, गावोगावच्या जत्रांत वाजली. पण महिन्याभरात तीच गाणी स्टँडवर ‘दीडशे गाणी’वाल्या सीडीत आली. कॅसेट काढणाऱ्याने दुसरी कॅसेट काढायला नकार दिला. ती शांतपणे म्हणाली, “तुझ्या आजीच्या दाराला कुलूप होतं म्हणून तू रडतेस. आमच्या बाबांच्या घराला दारच नव्हतं.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजूनही पूर्ण नाही. मी विचारलं, पहिल्या कॅसेटचे किती मिळाले होते? एकरकमी काहीतरी, म्हणाली. किती विकल्या त्यावर नाही. म्हणजे कुलूप असतं तरी पैसे काकांना गेले नसते, कॅसेटवाल्याला गेले असते. “पण दुसरी कॅसेट तर निघाली असती,” ती म्हणाली. तेही खरं. आम्ही रेक्टर मॅडम दिवे बंद करायला येईपर्यंत भांडलो.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन कायदा काढला. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा, त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ६५-अ हे कलम आलं. कुलूप तोडणं हा आपल्याकडेही गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. पण कधी? हक्काचा भंग करण्याच्या हेतूने तोडलं तर. अमेरिकन कायद्यापेक्षा ही एक ओळ मला जास्त शहाणी वाटली. आणि त्याच दुरुस्तीत गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केलाय, तो त्यांना लिहून देऊन टाकताही येत नाही. हे मी रूममेटला दाखवलं. तिने फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांनी अंगठा दाखवला, म्हणजे चांगल्या अर्थाने.

आता तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टी झाल्या, हल्ली कोण सीडी घेतं? खरंय. हल्ली आपण गाणी घेतच नाही, भाड्याने ऐकतो. त्यामुळे कुलूप परत आलंय आणि ते कुणाला बोचतही नाही, कारण आपलं असं काही आत नसतंच. स्पॉटिफायवर उतरवून घेतलेली गाणी तीस दिवसांतून एकदा तरी नेटला हजेरी लावली नाही तर वाजत नाहीत. आपल्या हजेरीसारखंच, फक्त तिथे ७५ टक्के चालत नाही. २०२४ मध्ये एअरटेलने विंक बंद करायचं ठरवलं तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही. मीही सगळं तिथेच ऐकते, परवडतं. पण घरातलं काही, लग्नातलं, बारशातलं, आजोबांचं कीर्तन, असं काही असेल तर ते साध्या फाइलमध्ये ठेवा बुवा. वेव्ह, फ्लॅक, गेलाबाजार एमपीथ्री. आणि दोन ठिकाणी.

आजीच्या ओव्यांचं म्हणाल तर गेल्या दिवाळीत थोडं काम झालं. आजीची एक विद्यार्थिनी, आता सत्तरीच्या, मिरजेलाच राहतात. त्यांनी त्या काळी मामाच्या कॅसेटची नक्कल करून घेतली होती. कॅसेटवर कुलूप कुठलं! टेप थोडी चिकटलेली, पण वाजली. आमच्या लॅबच्या सरांचा जुना डेक, एक केबल, लॅपटॉप. बाजू ‘अ’वर चार ओव्या निघाल्या, बाजू ‘ब’वर नंतर कुणीतरी सत्यनारायणाची पूजा भरलीये. मी पहिल्यांदा आजीचा आवाज ऐकला. म्हणजे लहानपणी ऐकला असणार, पण आठवण नाही. मध्येच मामा म्हणतो, “आई, अजून एक,” आणि ती म्हणते, “पाणी तर पिऊ दे.”

एक तांत्रिक अडचण मात्र आली, ती इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी सांगते. पहिली ओवी भरली चार मिनिटं नऊ सेकंद आणि कुलूपबंद फाइल म्हणते चार बारा. म्हणजे वेग कुठेतरी चुकतोय, आणि वेग चुकला की पट्टी चुकते. मी स्पेक्ट्रम काढला. आवाजाच्या खाली विजेची घरघर होती. एक रेघ बरोबर ५० हर्ट्झवर, ती आमच्या लॅबची. दुसरी ५०.६ वर, ती १९९८ ची, मामाच्या टू-इन-वनमधून आलेली. मला वाटलं, सापडलं! दुसरी रेघ ५० वर आणली की झालं. पॉवर सिस्टिम्सचे सर हसायलाच लागले. म्हणाले, “अगं, तेव्हा आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४८ पासून ५१ पर्यंत कुठेही फिरायची. त्या दिवशी ५० होती कशावरून?” ४८.८ असेल तर पट्टी अर्ध्या सुराहून जास्त खाली जाते. आजी पांढरी पाचमध्ये गायची की काळी चारमध्ये, हे महाराष्ट्राच्या विजेवर ठरणार!

शेवटी त्या विद्यार्थिनींना फोन केला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “काळी चार. बाईंची पट्टी काळी चारच. आमचे गळे बसायचे तरी सोडायच्या नाहीत.” मग काळी चारला लावून टाकलं.

चार झाल्या. सात अजून त्या फोल्डरमध्ये आहेत. मिरज-सांगलीकडच्या कुणाच्या घरी जुन्या कॅसेट असतील, घरात कुणी नव्वदच्या दशकात तिकडे गाणं शिकलेलं असेल, तर सुट्टीत जरा माळा बघा. माझी खोली लेडीज हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. डेकचा पट्टा ढिला झालाय, नवा मागवलाय.